मेंदूतील विजेचा माग



अपस्मार म्हणजे आपण ज्याला मिरगी, फेफरे किंवा फिट म्हणतो तो आजार. फिट मेंदूच्या कोणत्या भागातून उठते, हे डोक्यावरील तरंगांवरून कसे शोधतात, याविषयी आज बोलावयाचे आहे.

मेंदूतील अब्जावधी पेशी सूक्ष्म विद्युत्स्पंदनांनी परस्परांशी व्यवहार करतात. त्यांतील एखादा समूह अकस्मात एकाच लयीत उसळला की फिट येते. जर्मनीतील येना येथील हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे हे तरंग प्रथम टिपले आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. आजची ई.ई.जी. तपासणी तीच. डोक्याच्या मापाच्या दहा व वीस टक्के अंतरांवर सुमारे २१ चकत्या चिकटवतात. डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम. या यंत्रातून शॉक देतात हा समज निराधार आहे. यंत्र केवळ ऐकते, मेंदूत काहीही सोडत नाही. केस धुऊन, तेल न लावता जावे, एवढेच पथ्य.

दोन फिटांच्या मधल्या काळातही रोगी भागातून अणकुचीदार तरंग उमटत असतात. शेजारच्या दोन जोड्यांत त्यांची टोके समोरासमोर आली, तर दोन्ही जोड्यांना सामाईक असलेल्या चकतीच्या आसपास उगम असावा, असा तर्क करतात.

परंतु मध्ये कवटी आहे. बंद दाराबाहेर उभे राहून आतल्या सभेत कोण बोलले हे ओळखावे, तसे हे काम आहे. एकटा माणूस कुजबुजला तर बाहेर काहीच ऐकू येत नाही. मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण सहा ते दहा चौरस सेंटिमीटर भाग एकत्र उसळल्याखेरीज डोक्यावर स्पष्ट खूण उमटत नाही. म्हणून अनेक रुग्णांचा पहिला आलेख अगदी निर्दोष येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल, तेव्हा आजार नाही’ असे समजून औषध बंद करणे घातक आहे.

योग्य निवडलेली दोन औषधे देऊनही सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या फिट थांबत नाहीत. अशांना काही दिवस दाखल करून कॅमेरा व ई.ई.जी. अखंड चालू ठेवतात आणि फिट टिपता यावी म्हणून औषधे देखरेखीखाली मुद्दाम कमी करतात. येथे थोडे विषयांतर करतो. रुग्णालयात जे हेतुपुरस्सर करतात, तेच उपवासात गोळी चुकल्याने घरी नकळत घडते, आणि तेथे देखरेखीला कोणी नसते. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांशी आणि पूज्य महाराजसाहेबांशी बोलून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तरंग, चित्रीकरण आणि एम.आर.आय. एकाच जागेकडे बोट दाखवीत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. कानशिलामागील भागाच्या अपस्मारावर कॅनडात झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या फिटांपासून मुक्त होते. केवळ औषधांवरील गटात ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत असे उपचार १९९५ पासून सुसूत्रपणे होत आहेत.

हे सारे असूनही रुग्ण उशिरा येतात, कारण घर आजार लपवते. मुलीचे लग्न जमेल का, ही चिंता मी समजू शकतो. आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर १९९९ मध्ये काढला गेला. तरीही सासरी चोरून गोळ्या घ्यायच्या म्हणजे डोस चुकणार, आणि फिट आल्यास काय पाहावे हे कोणासच ठाऊक नसणार. डॉक्टरांना मात्र नेमके तेच हवे असते : मान कोणत्या बाजूस वळली, आधी कोणता हात थरथरला, शुद्धीवर येताना बोलता येत होते का. म्हणून तपासणीस जाताना फिट पाहणाऱ्या व्यक्तीस सोबत न्यावे. मोबाइलवर चित्रीकरण असल्यास तेही दाखवावे.