भूसुधारके आणि खतांची कार्यक्षमता : सुरतच्या काळ्या जमिनीतील भात व ज्वारी



तापी नदीच्या मुखाशी, सुरत शहराच्या पश्चिमेस, हजिरा येथे कृभको या सहकारी संस्थेचा युरियाचा कारखाना आहे. १ मार्च १९८६ पासून तेथे व्यापारी उत्पादन सुरू झाले. तेथून ओलपाड तालुक्यातील भातखाचरापर्यंत खताच्या गोणीला फारसा प्रवास करावा लागत नाही. परंतु गोणीतून भाताच्या मुळापर्यंतचा जो शेवटचा वीतभर प्रवास आहे, त्यात मात्र निम्म्याहून अधिक माल वाटेतच गहाळ होतो. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र द्यावयाचे झाल्यास २१७ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ पाच गोण्या लागतात. भरल्या खाचरात हा युरिया हाताने फेकून दिला, तर त्यातील साधारणतः ३० ते ४० टक्केच नत्र पिकाच्या अंगी लागते. म्हणजे पाचांपैकी तीन गोण्यांचे नत्र शेतकऱ्याने विकत घ्यावयाचे, वाहून न्यावयाचे, आणि वाऱ्यावर व पाण्यावर सोडून द्यावयाचे, असा हा व्यवहार आहे.

सुरतच्या जमिनीचा विचार महाराष्ट्रातील वाचकास परका नाही. १ मे १९६० पर्यंत सुरत जिल्हा मुंबई राज्यातच होता व दोन्हीकडील कृषिखाते एकच होते. उकाई धरणाचा जलाशय नंदुरबार जिल्ह्यात नवापूरपर्यंत पसरला आहे. खानदेशातील काळी माती ज्या खडकापासून झाली, त्याच खडकाचा गाळ तापीने सुरतच्या मैदानात आणून टाकला आहे, आणि ओलपाड, चोर्यासी येथील खाऱ्या जमिनींना जो समुद्र भिजवितो तोच पालघर व रायगडच्या खारभूमीला भिजवितो.

या काळ्या मातीचा एक गुण असा की, तिच्यातील चिकणमाती अमोनियाच्या रूपातील नत्र घट्ट धरून ठेवते. मात्र त्यासाठी ते नत्र मातीच्या आत गेले पाहिजे. पृष्ठभागावर पडलेल्या युरियाची गोष्ट निराळी आहे. मातीतील युरिएज या विकरामुळे त्याचे काही दिवसांतच अमोनियम कार्बोनेट होते. जमिनीचा सामू आधीच ७.५ ते ८.५, त्यात युरियाच्या दाण्याभोवती तो आणखी वाढतो, आणि अमोनिया वायुरूपाने उडून जातो. खाचरातील पाण्यात तर एक वेगळीच क्रिया घडते. दिवसा शेवाळ पाण्यातील कर्बवायू शोषून घेते. त्यामुळे भर दुपारी पाण्याचा सामू ९ च्याही वर जातो व सूर्य मावळल्यावर पुन्हा उतरतो. दुपारी, वारा सुटलेला असता, भरल्या पाण्यात युरिया फेकणे हा खत उधळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. त्याऐवजी खाचरातील पाणी काढून, सायंकाळी, चिखलावर युरिया द्यावा, कोळपणीने तो मातीत मिसळावा आणि एकदोन दिवसांनी पुन्हा पाणी भरावे. एवढ्या साध्या कामास दिडकी अधिक लागत नाही. तरीही ते फारसे होत नाही, कारण कालव्याचे पाणी एकदा सोडून दिले की पुन्हा पाळी केव्हा येईल याची शेतकऱ्यास खात्री नसते. हा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाचा नाही, हे खात्यातील कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

खाचर आलटून पालटून ओले व कोरडे होत राहिले, तर दुसरी गळती सुरू होते. कोरड्या काळात अमोनियाचे नायट्रेट बनते. पुन्हा पाणी भरताच हवेविना जगणारे जिवाणू त्याचे नत्रवायूत रूपांतर करून टाकतात. या ठिकाणी कडुलिंब कामास येतो. निंबोळीतील काही द्रव्ये नायट्रेट बनविणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावतात. निंबोळी पेंड युरियात मिसळण्याचे प्रयोग दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत १९७० च्या दशकापासून झाले, आणि २०१५ मध्ये केंद्र शासनाने देशात तयार होणाऱ्या सर्व युरियावर कडुलिंबाचा लेप सक्तीचा केला. तथापि, लेपाबद्दल भलत्या अपेक्षा बाळगू नयेत. लेप नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. पाण्यावर फेकलेल्या युरियातून उडणारा अमोनिया तो अडवीत नाही.

अमोनिया अडवावयाचा असेल तर खत खोल गाडले पाहिजे. याचे उत्तम उदाहरण कोकणात आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत पहिले सूत्र भाताचे तूस-पेंढा व त्यांची राख यांचा वापर, दुसरे गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, तिसरे १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चौथे युरिया-डीएपीच्या गोळ्या. चार चुडांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत बसते. गोळीत युरिया व डीएपीचे प्रमाण ६० : ४० असल्याने त्यातून सुमारे ५९ किलो नत्र व ३१ किलो स्फुरद मिळते. फेकून देण्याच्या १०० किलो नत्राशी हा आकडा ताडून पाहावा. पाणी भराभर झिरपणाऱ्या हलक्या जमिनीत गोळीतील नत्र खाली वाहून जाण्याची भीती असते. सुरतच्या भारी, चिकट खाचरात ती कमी, म्हणून हे तंत्र येथील मातीला अधिकच मानवणारे आहे. अडचण आहे ती हातांची. हजारो गोळ्या वाकून खोचावयास माणसे लागतात, आणि सुरतेच्या कापडाच्या व हिऱ्यांच्या कारखान्यांशी मजुरीत स्पर्धा करणे भातशेतीला परवडत नाही. यावर हाताने ढकलावयाची अवजारे निघाली आहेत. तीही चिखल एकसारखा सपाट असेल तेथेच नीट चालतात.

येथवर जे सांगितले ते निरोगी जमिनीस लागू आहे. जमीनच बिघडलेली असेल तर खत देण्याची कोणतीही रीत तिला पुरी पडत नाही. काकरापारचा बंधारा १९५० च्या दशकात झाला, १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले, आणि कालव्याखाली ऊस व भात पसरला. भारी जमिनीस बारमाही पाणी मिळाले, परंतु पाण्याला बाहेर जाण्याची वाट पुरेशी राहिली नाही. अशा ठिकाणी भूजल वर येते व क्षार वर आणते. पण क्षारपड जमीन सगळी एक जातीची नसते. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर दिसतो. तिला मुख्यतः गोडे पाणी व निचरा हवा. तेथे जिप्सम टाकणे बहुधा व्यर्थ खर्च होय. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. सामू ८.५ च्या वर असतो, पाणी जिरत नाही, ओली असता माती साबणासारखी निसरडी व वाळली असता दगडासारखी होते. अशा जमिनीत अमोनिया अधिकच उडतो. पीक पिवळे पडले म्हणून आणखी एक गोणी ओतली जाते, आणि तीही त्याच वाटेने जाते.

चोपण जमिनीस जिप्सम किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम मातीतील एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत काढावयास हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागते. काळ्या मातीची कॅटायन धरण्याची शक्ती ५० मिलिइक्विव्हॅलंट धरली व विनिमय सोडियमचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणावयाचे ठरविले, तर पाच मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवावा लागेल, म्हणजे साडेनऊ टन जिप्सम. हलक्या जमिनीस याच्या निम्मेही लागत नाही. एवढा खर्च करून झाल्यावर सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने शेतातच राहिला, तर तो पुन्हा कणांना चिकटू शकतो. म्हणून आधी चर, मग जिप्सम, मग पाणी साठवून धुणे, त्यानंतर धैंच्यासारखे हिरवळीचे पीक, आणि खताची गोणी सर्वांत शेवटी. व्यवहारात हा क्रम नेमका उलटा होतो. युरियाची ४५ किलोची गोणी, लेपाचा खर्च व कर सोडून, २४२ रुपयांस मिळते. चर खणण्यास एकट्याचे चालत नाही. खालच्या शेतकऱ्याची संमती लागते, नाल्याला उतार लागतो. स्वस्त गोणी आपली आपण टाकता येते, म्हणून तीच आधी पडते.

सुरत जिल्ह्यात बारडोलीपासून सायणपर्यंत सहकारी साखर कारखाने आहेत, त्यामुळे प्रेसमड, म्हणजे मळी, जवळ उपलब्ध होते. सल्फिटेशन कारखान्याच्या मळीत सेंद्रिय द्रव्याबरोबर गंधक व काही प्रमाणात स्फुरद असते. ती चोपण जमिनीस उपयोगी पडते. कार्बोनेशनच्या मळीत चुना पुष्कळ असतो आणि अल्कधर्मी जमिनीत तो विरघळत नाही. ताजी मळी शेतात टाकू नये. ती तापते व कुजताना जमिनीतील नत्र स्वतःच ओढून घेते. तिचे कंपोस्ट करूनच वापर करावा.

कोरडवाहू ज्वारीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तेथे ओल हाच खताचा वाहक आहे. दोन चाड्यांच्या पाभरीने खत बियाण्याच्या खाली व बाजूस पडेल असे द्यावे. युरिया बियाण्यास भिडल्यास उगवण मारली जाते. चुनखडीयुक्त मातीत विखरून दिलेले स्फुरद बांधले जाते, म्हणून तेही ओळीतच पेरावे. भातावर खैरा दिसत असल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे, पण ते डीएपीत मिसळू नये.

माती परीक्षणाविषयी एक सूचना. २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये मिळून बारा गोष्टी असतात. विनिमय सोडियम व जिप्समची गरज त्यात नसते. जमीन चोपण असल्याचा संशय असेल त्यांनी उन्हाळ्यात, पहिल्या पावसापूर्वी, ३०, ६० व ९० सेंटिमीटरपर्यंतच्या तीन थरांचे वेगवेगळे नमुने घ्यावेत, प्रत्येक पिशवीवर थराची खोली लिहावी, आणि प्रयोगशाळेकडे या दोन तपासण्या वेगळ्या मागाव्यात.