परसातील कोंबडी आणि तिच्या पायाखालची जमीन

(ग्रामीण उपजीविकेवरील परिसंवादात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कोंबड्यांच्या पायाखाली काय अंथरावे, यावर अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु अल्प भांडवलाच्या व्यवसायात नफा-तोटा अशाच लहान निर्णयांवर ठरतो.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्षी होते. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले, तर व्यावसायिक पक्ष्यांची वाढ साडेचार टक्केच होती. अनेक भूमिहीन कुटुंबांत अंड्यांचा पैसा हाच स्त्रीच्या हातात राहणारा पैसा असतो. म्हणूनच वाटप केलेली पिले पहिल्याच पावसाळ्यात दगावतात, तेव्हा तिचे भांडवलच बुडते.

ओलावा हा खरा शत्रू

रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून जमिनीवर पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया डोळे व श्वसनमार्ग बिघडवतो. म्हणून आच्छादनाचे पहिले काम जमीन कोरडी ठेवणे हे आहे.

अनेकांना वाटते की गवत असले म्हणजे पुरे. हरळीसारखे चिवट गवत उत्तमच. परंतु लहान कुंपणात कोंबड्या उकरून उकरून ते काही आठवड्यांत संपवितात. कुंपणाचे दोन भाग करून आलटून पालटून वापरल्यास गवताला पुन्हा फुटण्यास अवधी मिळतो आणि जंतूंचा भारही घटतो. जागा तेवढी नसेल, तर कोरडे आच्छादन हाच मार्ग.

आत एक, बाहेर दुसरे

खुराड्यात दोन-तीन इंच जाडीची भाताच्या तुसाची गादी चांगली. लाकडाचा बारीक भुसा लहान पिलांसाठी टाळावा. ती तो खाद्य समजून टिपतात. उघड्यावर मात्र तूस पावसात भिजून घट्ट थर बनते. तेथे पाणी खाली जाऊ देणारे जाडेभरडे आच्छादन हवे: लाकडाच्या ढलप्या, उसाचे पाचट, वाळलेला पाला. बुरशी आलेला माल मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये. तिच्यामुळे फुप्फुसांचा रोग होतो.

गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर आच्छादन दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त आहे. गादी रोज हलवावी, ओला भाग काढून टाकावा.

फुकट म्हणजे किती फुकट?

ओडिशा-बंगालात तूस, सौराष्ट्रात भुईमुगाची टरफले, केरळात नारळाचा काथ्या, पश्चिम महाराष्ट्रात पाचट: प्रत्येक प्रदेशाचे आच्छादन वेगळे. पण ‘टाकाऊ’ ही संज्ञा कायमची नसते. तूस बॉयलरमध्ये इंधन म्हणून जाऊ लागले की त्याला भाव येतो आणि गरिबाचे फुकटचे साधन बाजारात जाते. शिवाय पाला गोळा करणे, गादी हलविणे हे श्रम बहुधा घरातील स्त्रीचेच. हिशेबाच्या वहीत ते शून्य धरले जातात, ही मोठी चूक आहे. दुसऱ्या बाजूला, वापरलेली गादी कुजवल्यावर उत्तम खत होते. ते जमेच्या बाजूस मांडले, तर आच्छादन हा केवळ खर्च राहत नाही.

माझी सूचना दोनच शब्दांची आहे: जमीन मोजा. पक्षी देण्यापूर्वी लाभार्थीच्या परसात पाणी कोठे साचते ते पाहावे, गावात काय सहज मिळते याची तिच्याकडूनच माहिती घ्यावी आणि पहिल्या गादीचा खर्च योजनेत धरावा. किती पक्षी वाटले यापेक्षा पावसाळ्यानंतर किती उरले, हाच यशाचा निकष असावा. पक्षी शासन देऊ शकते. तो जगतो की नाही, हे मात्र त्याच्या पायाखालची चार हात जमीन ठरविते.