जुन्या कीर्दीचें पान



ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत संगणकाच्या आज्ञावली लिहून चरितार्थ चालविणारीं माणसें पुष्कळ राहतात. समजा, अशाच एका घरांतील तरुणानें दोन वर्षांपूर्वीं गडबडींत पेढीचा परवलीचा शब्द आज्ञावलींतच लिहून ठेविला. चूक ध्यानांत येतांच त्यानें तो खोडला. पण खोडण्यापूर्वींचें पान इतिहासांत जसेंच्या तसें राहिलें. तें दूरच्या भांडारांतून काढावयाचें कसें?

हा इतिहास बहुधा 'गिट' नांवाच्या व्यवस्थेंत ठेवलेला असतो. लिनस टोरवाल्ड्‌स यांनीं ती 2005 सालीं लिनक्सच्या कामासाठीं रचिली. तिच्यांतील नोंदीस 'कमिट' म्हणतात. आपल्या व्यापाऱ्यांच्या कीर्दीशीं तिचें नातें जवळचें आहे. कीर्दींत मागील बाकी पुढें ओढलेली असते. एखादा जुना आंकडा बदलला कीं पुढील साऱ्या बाक्या बदलतात. कमिटचेंहि तसेंच. तिची, बहुधा 40 अंकाक्षरांची, खूण तिच्या मजकुरावरून आणि मागील कमिटच्या खुणेवरून काढलेली असते. त्यामुळें मधलें एकच पान फाडतां येत नाहीं. तेथून पुढची सारी वही नव्यानें उतरवून काढावी लागते.

हें हातानें कोण करणार? त्यासाठीं 'फिल्टर-रेपो' नांवाचें साधन आहे; जुन्या 'फिल्टर-ब्रँच'ऐवजीं तेंच वापरावें, असें गिटची अधिकृत माहितीहि सांगते. भांडाराची ताजी नक्कल घ्यावी, नको असलेला शब्द साधनास सांगावा, आणि झालेली नवी वही बळेंच, म्हणजे 'फोर्स पुश' करून, भांडारांत चढवावी. एखादी विसरलेली शाखा किंवा टॅगसुद्धां सगळा जुना इतिहास धरून बसते.

नुसता पसाराच कमी करावयाचा असेल तर इतका खटाटोप नको. पाडव्यास व्यापारी बाकी ओढून नवी वही सुरू करतो व जुनी बासनांत बांधतो. तसा आजच्या स्थितीपासून 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, शाखा काढून आरंभ करतां येतो. नांव मात्र करुण आहे! जुनी वही जाळूं नये. अमुक ओळ कोणीं व कां लिहिली, याचा पुरावा तिच्यांतच असतो.

परवलीच्या शब्दाची गोष्ट निराळी. गिटमध्यें बहुधा प्रत्येक सहकाऱ्याच्या घरीं संपूर्ण वही असते. मानपाड्याच्या तरुणानें रात्रीं भांडार स्वच्छ केलें, तरी कासारवडवलीच्या सहकाऱ्यानें सकाळीं जुन्या नकलेंत नवें काम मिसळून पाठविलें कीं काढलेलें पान परत येतें. शिवाय सुट्या झालेल्या नोंदी लगेच नाहींशा होत नाहींत. कचरा काढतांनाहि गिट त्यांना सामान्यतः दोन आठवड्यांची मुदत देतें. गिटहबसारख्या ठिकाणीं तर दुसऱ्यांनीं घेतलेल्या नकलांत त्या राहूं शकतात, आणि उरलेलें पुसण्यासाठीं चालकांस लिहावें लागतें.

म्हणून त्या तरुणानें प्रथम कुलूपच बदलावें. जुना शब्द रद्द करून नवा घालावा. मग सर्व सहकाऱ्यांस कळवावें, कीं जुनी नक्कल टाका व नवी घ्या. त्यानंतर सवडीनें पान काढावयास बसावें.