ग्राफ्ट, कलम आणि बांडगूळ
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



'एका इंग्रजी शब्दावर दहा मिनिटं बोला' असं मला सांगितलं आहे. मी शब्द घेतला आहे 'ग्राफ्ट'. शब्द बागेतला. अर्थ सरळ, कलम करणे.

गंमत पाहा. या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेत 'लिहिणे' या अर्थाच्या शब्दात आहे. तिथून लॅटिनमध्ये लेखणीला 'ग्राफियम' म्हणू लागले. तासून टोक काढलेली काडी लेखणीसारखी दिसते, म्हणून लेखणीचा शब्द बागेत शिरला. आणि आपला 'कलम' शब्द? तो अरबी-फारसीतून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ बोरूची लेखणी! कुठले कुठले माळी, पण उपमा एकच सुचली. आपण तर कायद्याच्या परिच्छेदालाही कलम म्हणतो. म्हणजे सोसायटीच्या उपविधींतही कलमं आणि गच्चीवरच्या कुंड्यांतही कलमं.

बँकेच्या नोकरीत मी काही वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात होतो. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली आणि कोकणातले डोंगरउतार आंबा-काजूने भरू लागले. दहा-दहा मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी शंभर कलमं, हा हिशेब आम्हाला तोंडपाठ. पण झाड कसं पाहायचं ते बागायतदारांनी शिकवलं. ते म्हणत, "साहेब, पानं नंतर बघा, आधी सांधा बघा."

हापूसची कोय लावली तर हापूसच येईल असं नाही. म्हणून रायवळ आंब्याचं रोप घेतात, त्याला खुंट म्हणतात, आणि त्यावर हापूसची काडी बांधतात. काप दोघांनाही द्यावा लागतो. एकाच्या सालीखालचा जिवंत थर दुसऱ्याच्या थराला भिडला आणि पट्टी घट्ट बसली, तरच जीव धरतो. भेटकलमात तर काडी आईच्या झाडावरच राहते. रोपच उचलून तिच्याजवळ नेतात, बांधतात, आणि सांधा जुळल्यावरच तिला आईपासून तोडतात.

हेच तत्त्व माणसाच्या शरीरावरही चाललं आहे. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये आपल्या पुण्याकडची हकिकत छापून आली होती. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. इथल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. कपाळाशी असलेला जोड आधी तसाच ठेवला आणि नाक जगल्यावर तोडला. डॉक्टर याला ग्राफ्ट न म्हणता 'फ्लॅप' म्हणतात. मी मात्र भेटकलमच म्हणेन!

आता या शब्दाचे बागेबाहेरचे अर्थ. इंग्लंडात 'हार्ड ग्राफ्ट' म्हणजे घाम गाळून केलेली मेहनत. अमेरिकेत नुसतं 'ग्राफ्ट' म्हणजे खुर्चीच्या जोरावर खाल्लेला पैसा. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रंही लाचखोरीच्या बातमीला हाच शब्द वापरतात. घाम आणि लाच, दोन्हींना एकच शब्द! मराठीत आपण इथे घोटाळा केलेला नाही. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण कलम म्हणत नाही, बांडगूळ म्हणतो.

लांबून पाहिलं तर दोन्ही सारखीच. दोन्ही दुसऱ्याच्या लाकडावर वाढतात. बांडगुळालाही हिरवी पानं असतात, फुलं येतात. फरक एवढाच, की कलम खुंटाकडून पाणी घेतं आणि पानांनी केलेलं अन्न खाली मुळांना पाठवतं. बांडगूळ नुसतं शोषतं. त्याची दया केली तर फांदी वाळते.

आपल्या सोसायटीत गेली पंचवीस वर्षं एक शब्द ऐकू येतो, 'मूळ सभासद'. मीही त्यातलाच. बाकीचे ते 'नंतर आलेले', आणि भाडेकरू असतील तर मग बोलायलाच नको. गणपतीच्या वर्गणीच्या वेळी ते आपले, आणि सूचना केली की परके! मला वाटतं, माणूस कधी आला हे विचारूच नये. तो खाली मुळांना काही पाठवतो का, एवढंच पाहावं. पंप बिघडला की खाली उतरणारा भाडेकरू हे कलम आहे. देखभाल खर्च थकवून सर्वसाधारण सभेत आवाज चढवणारा, मग तो पहिल्या दिवसापासूनचा सभासद का असेना, तो काय आहे हे तुम्हीच ठरवा.

आणि एक गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. सांध्याच्या खाली खुंटाला पुन्हा फुटवे येतात. ते जोमदार असतात, पण वेळीच खुडले नाहीत तर रायवळ वर चढतं आणि हापूस मरून जातो. मुळं आपली आहेत, ती राहणारच आहेत. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. यंदा आपल्यापैकी कोणी अर्ज भरू नये, तरुणांना भरू द्यावा. त्यांनी हिशेब विचारला तर तो हसत दाखवावा. खुंटाचं काम पाणी पुरवण्याचं, मोहोर वर येऊ दे.