प्रवेश देताना नेमकं काय पाहतात?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय दिला, ‘कॉलेजवाले प्रवेश देताना काय पाहतात?’ निवृत्त होईपर्यंत माझे जून-जुलै प्रवेश समितीच्या टेबलामागे गेले, म्हणून हा मान. आपल्यापैकी काहींची मुलं, काहींची नातवंडं आज दहावी-बारावीला आहेत, तेव्हा मोघम बोलत नाही.

आपले काही वर्गमित्र अमेरिकेहून आले आहेत. तिकडे अर्ज वाचणारा माणूस मुलाचा निबंध वाचतो, शिक्षकांचं शिफारसपत्र वाचतो, शाळेबाहेर काय केलं तेही बघतो. आपल्याकडे असा माणूसच नाही. इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटीच्या गुणवत्ता यादीवर, मेडिकलचे नीटवर, आणि २०२५ पासून अकरावीसुद्धा राज्यभर ऑनलाइन. पालक येऊन सांगायचे, “सर, पोरगा तबला छान वाजवतो हो, बघा ना काहीतरी!” मी ऐकून घ्यायचो. यादीला तबला ऐकू येत नाही.

यादी बघते पर्सेंटाईल. घरोघरी त्याला टक्के समजतात, पण ते टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण नव्वद जण तुमच्या बरोबर किंवा मागे. इंजिनिअरिंगला बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के मिळाले की पात्रता झाली. पुढचा क्रम सीईटीचा. आपलं कोकण मंडळ २०१२ पासून निकालात राज्यात पहिलं, याचा मलाही अभिमान आहे. पण तो पास होणाऱ्यांच्या प्रमाणाचा अभिमान. त्यावर गुणवत्ता यादीत कुणी एक पायरीही वर चढत नाही.

आता कागद. टेबलावरचा माणूस खरं तर एवढंच बघतो, आणि मुलं अडकतात ती इथेच. चांगले गुण असलेली, लांब गावाकडून पहाटेची एस.टी. पकडून आलेली मुलगी फाईल उघडते आणि नॉन-क्रिमीलेअर नसतं. मुदतीत ते आलं नाही तर तिला खुल्या प्रवर्गात धरतात, आणि हातची जागा जाते. हे प्रमाणपत्र प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतं, त्याला मुदत असते, आणि त्यासाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. आपल्याकडे वडील मुंबईला, आई-मुलं गावाला. उत्पन्नाचा कागद तिकडे, शाळेचा दाखला इकडे. निकालानंतर धावाधाव केली की सेतू केंद्रासमोर सगळा तालुका उभा असतो.

जात वैधता त्याहून वेळखाऊ. ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा समिती मागते. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा. तो असतो कुठे? पुष्कळदा शाळेच्या जनरल रजिस्टरात, पिवळ्या पडलेल्या पानावर. विज्ञान शाखेच्या मुलांनी बारावी सुरू झाल्या झाल्या कॉलेजमार्फत अर्ज करावा. निकालाची वाट बघू नये.

मुलींच्या पालकांनी एक ध्यानात ठेवा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क शासन पूर्ण भरतं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. कॅप फेरीतून प्रवेश हवा. ‘मुलीला एवढी फी कशाला’ म्हणून जवळच्या कॉलेजात बी.ए.ला घालणारे बाप मी पाहिलेत. बी.ए. वाईट नाही, पण ते तिला हवं होतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पसंतीक्रम भरताना शेजाऱ्याचा फॉर्म उतरवू नका. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत तेच लिहा, जिथे मूल खरंच जाणार आहे. हॉस्टेल आहे का, गणपतीला घरी यायला किती तास लागतील, हेही आधी बघा. हसू नका, पहिल्या वर्षी त्यावर बरंच अवलंबून असतं.

मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालंय. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दहावी-बारावीच्या पालकांना शाळेत बोलवायचं आणि एकेकाची फाईल तपासायची. आपल्यातले जे महसूल खात्यात होते, बँकेत होते, वकिली करतात, त्यांनी यावं. जुन्या रजिस्टरातले उतारे काढायला लिपिकांना दोन माणसं लागतील, मोडी वाचता येणारं कुणी असेल तर फारच बरं. नावं जेवणानंतर माझ्याकडे द्या, मी दाराशीच बसतोय.