पाळी चुकते तेव्हा
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, हिशेब पाहणारे. तरीही स्त्रीरोग विभागातील डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण या विषयावर घरात, विशेषतः पुरुषमंडळींत, कोणी बोलत नाही.

पाळी बरोबर २८ दिवसांनीच यावी, असा नियम नाही. प्रौढ स्त्रीत २१ ते ३५ दिवसांचे अंतर स्वाभाविक मानतात. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे आणि पाळी जाण्यापूर्वीचा काळ, यांत चक्र पुढेमागे होतेच. एरवी मात्र कारण शोधावे लागते. गर्भधारणेची शक्यता प्रथम पाहावी. मग थायरॉईडचा विकार, बीजांडकोशातून बीज वेळेवर न सुटणारा पीसीओएस, वजनातील मोठा चढउतार, मनावरील ताण. रक्तस्राव अधिक असल्यास गर्भाशयातील गाठी. बहुतेक कारणे रक्ततपासणी व सोनोग्राफीने उमगतात आणि पुष्कळदा गोळ्यांनी भागते.

हे इतक्या आग्रहाने सांगतो, कारण कारण न शोधताच गर्भाशय काढल्याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंडही. त्यात कर्करोगाची भीती घातली गेली. आकड्यांत आयुष्य घालवूनही हा आकडा आमच्याने सहज वाचवला नाही. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर ऐन तारुण्यात पाळी जाते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात.

शस्त्रक्रिया कधीच नको, असे आमचे म्हणणे नाही. काही वेळा तीच प्राण वाचविते. परंतु संमतिपत्रावर सही होण्यापूर्वी ‘कारण काय सापडले, आणि औषधाने भागणार नाही का?’ एवढे घरच्यांनी अवश्य विचारावे. आमच्या डॉक्टरांनाही विचारावे. त्यांस राग येणार नाही.

पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाल्यास, तो थोडा असला तरी, तपासणी लांबवू नये. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दूधवाल्याचा खाडा आपण नेमाने मांडतो, तशीच पाळीच्या तारखेवर खूण करावी. बाह्यरुग्ण विभागात येताना त्या तारखा लिहून आणाव्यात. डॉक्टर प्रथम त्याच विचारतात.