घास छातीत अडकतो तेव्हा

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवू आणि न उतरणाऱ्या घासाबद्दल बोलू.

कल्याणजवळच्या आमच्या गटातली एक ताई हळदीकुंकवाला यायची, पण खायला काही घ्यायची नाही. भाकरीचा घास छातीत अडकायचा. पुढे पाणीही उतरेना. रात्री आडवी झाली की खाल्लेलं तोंडात यायचं, खोकला सुटायचा. दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या झाल्या. कोणी दृष्ट काढली, कोणी म्हणालं मनाचं आहे. ब्लाऊज सैल व्हायला लागले, तेव्हा ती माझ्याशी बोलली. गटातून कर्ज काढून तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे आजाराचं नाव कळलं, अ‍ॅकॅलेशिया.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंची झडप असते. घास आला की ती सैल होते. या आजारात नलिकेतल्या नसा निकामी होतात. घास पुढे ढकलला जात नाही, झडपही नीट उघडत नाही. वर्षाला लाखात साधारण एकाला हा आजार नव्याने होतो, म्हणून चटकन ओळखू येत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

दुर्बिणीने तपासतात, बेरियम पाजून एक्स-रे काढतात आणि मॅनोमेट्रीने नलिकेतला दाब मोजतात. नसा पूर्ववत होत नाहीत, पण वाट मोकळी करता येते. फुग्याने झडप रुंदावतात, किंवा दुर्बिणीतून वा शस्त्रक्रियेने तिचा स्नायू कापतात. नंतरही अधूनमधून तपासणी लागते.

ताई आता थोडं थोडं, सावकाश चावून खाते. घोट घोट पाणी घेते. झोपण्याआधी तीन तास जेवण उरकते. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवते.

गिळायला त्रास कर्करोगामुळेही होऊ शकतो, म्हणून अंगावर काढू नका. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज पडली तर ठाण्याजवळ कळव्याचं पालिका रुग्णालय, मुंबईत सायन आणि केईएम आहे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड न्या आणि महात्मा फुले योजनेत खर्च बसतो का, ते विचारा.

पुढच्या बैठकीत चहा वाटताना जरा बघा. एखादी रोजच कप बाजूला ठेवत असेल, तर तिला आग्रह करू नका. बाजूला घेऊन विचारा, "ताई, गिळताना त्रास होतो का?"